भीती किरणांची, घात लोखंडाचा

कर्करोगावरचं किरणोत्सारी औषध बनवणं हे माझं काम, आणि माझ्या हातून पहिली बॅच वाया गेली ती एका सुईमुळे. त्यातला किरणोत्सारी धातू, ल्युटेशियम-177, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं येतं. मी कुपीत नेहमीची स्टीलची सुई घातली आणि मोजमापाचा आकडा स्थिर होईपर्यंत तशीच बुडवून ठेवली. पुढे सगळं लिहिल्याप्रमाणे: बफर, पेप्टाइड (कर्करोगाच्या पेशीला जाऊन चिकटणारा रेणू), पीएच साडेचारच्या आसपास, 95 अंशांवर अर्धा तास. टीएलसीची पट्टी, म्हणजे पेप्टाइडला बसलेलं आणि न बसलेलं ल्युटेशियम वेगळं करणारी पट्टी, मोजली तर वरच्या टोकाला भलंमोठं शिखर. म्हणजे मोकळं ल्युटेशियम. लेबलिंग, म्हणजे पेप्टाइडला बसलेलं ल्युटेशियम, जेमतेम 70 टक्के, आणि रुग्णासाठी साधारण 95च्या वर लागतं. सरावाची बॅच होती म्हणून निभावलं.

शिशाचा आडोसा होता, लांब चिमटे होते, बोटांना बसणारा मारा मोजणारा रिंग डोसिमीटर होता. स्वतःला किरणांपासून वाचवायची तयारी चोख. सुईतून विरघळणाऱ्या लोखंडाचा विचारच केला नव्हता.

या क्षेत्रात नवं येणारा प्रत्येक जण किरणोत्साराला घाबरूनच येतो. घाबरावंच, पण लॅबमधला दिवस बिघडवतं ते बहुतेक वेळा रसायन. हिशोब करून बघा. रुग्णाला एका वेळी साधारण 7.4 गिगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) ल्युटेशियम देतात. शुद्ध ल्युटेशियम-177 असेल तर त्याचं वजन भरतं दोन मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. एक मायक्रोग्रॅम लोखंडात याच्या जवळजवळ दुप्पट अणू असतात. पेप्टाइडला जोडलेला, ल्युटेशियमला धरून ठेवणारा डोटा नावाचा रेणू लोखंड, जस्त, तांबं यांनाही खुशाल जागा देतो. पेप्टाइड गरजेपेक्षा जास्त घातलेलं असतं खरं, पण ती सवलत किती पुरणार! आणि मोकळं राहिलेलं ल्युटेशियम हाडांत जाऊन बसतं, म्हणजे मार अस्थिमज्जेला. म्हणून प्लास्टिकची टोकं, धातूमुक्त पाणी, आणि धातूचा चमचा टेबलाच्या आसपासही नको.

उपचाराची कल्पना तशी जुनी. थायरॉइडच्या पेशी आयोडीन स्वतःहून ओढून घेतात, म्हणून आयोडीन-131 हे 1940च्या दशकापासून वापरात आहे. बाकीच्या कर्करोगांत अशी आयती सोय नाही. तिथे पेशीवर कोणतं कुलूप आहे ते शोधून त्याला बसणारी किल्ली बनवावी लागते आणि त्या किल्लीला किरणोत्सारी अणू अडकवावा लागतो. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठीच्या ल्युटेशियमच्या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली, प्रोस्टेटसाठीच्या औषधाला 2022 मध्ये. ल्युटेशियमचे बीटा कण ऊतींमध्ये जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. शिवाय ते थोडे गॅमा किरणही सोडतं, त्यामुळे औषध शरीरात नेमकं कुठे पोचलं ते नंतर स्कॅनमध्ये दिसतं. लॅबवाल्यांना हा स्कॅन सहसा कुणी दाखवत नाही. मागून घ्या, बघा.

मी मूळची रसायनशास्त्राची. फार्मसीचे, भौतिकशास्त्राचे, वैद्यकीचे, तंत्रज्ञ म्हणून आलेले, सगळे इथे एकाच टेबलाभोवती असतात आणि सुरुवातीला एकमेकांची भाषा कळत नाही. 'डोस' हाच शब्द घ्या. डॉक्टरांच्या तोंडी डोस म्हणजे किती गिगाबेकरेल टोचलं ते. भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडी मूत्रपिंडाने किती किरण शोषले ते, ग्रेमध्ये. पहिल्या बैठकीत मी अर्धा तास मान डोलावत होते आणि मला काडीचंही कळलं नव्हतं. कुणी डोस म्हटलं की एकक विचारा, लाज वाटू देऊ नका.

मूत्रपिंडाच्या बाबतीत मर्यादा म्हणून 23 ग्रे हा आकडा वारंवार कानावर येईल. तो बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनच्या अनुभवावरून उचललेला आहे. इथे मारा हळूहळू, दिवसचे दिवस चालतो, तेव्हा तोच आकडा जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. पण हा वाद तुमच्या पहिल्या वर्षाचा नव्हे.

पहिल्या वर्षाचं काम म्हणजे कोल्ड रन. किरणोत्सार नसलेलं ल्युटेशियम घेऊन तीच कृती, तेच हातमोजे, त्याच आडोशाआड, घड्याळ लावून. मी पंचवीस-तीस वेळा केली असेल. कंटाळा येतो. पण झाकण कोणत्या हाताने उघडायचं याचा विचार करायला थांबलात, तर तेवढा वेळ बोटं कुपीपाशी असतात. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाईवर येतो, हे पाठ असून उपयोग नाही, हाताला सवय हवी. इट्रियम-90 हा बीटा सोडणारा दुसरा धातू हाताळणार असाल तर आधी अ‍ॅक्रिलिक, मग शिसं. नुसतं शिसं लावलंत तर बीटा कण त्यातच क्ष-किरण निर्माण करतात.

हल्ली ज्याला त्याला अ‍ॅक्टिनियम-225 या अल्फा कण सोडणाऱ्या धातूवर काम करायचं असतं. आकर्षण समजू शकते: एका अणूमागे साखळीत चार अल्फा कण, आणि प्रत्येकाची धाव काही पेशींपुरतीच. पण अल्फा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने नवा अणू डोटातून निसटतो आणि पुढची पिढी मोकळी फिरते. आपली उपकरणं तर गॅमा मोजतात या पिलावळीचाच, फ्रान्सियम-221 आणि बिस्मथ-213चा.

मी पहिल्यांदा अ‍ॅक्टिनियमची पट्टी काढली आणि लगेच मोजली. वरचं टोक पेटलेलं. सुईचा प्रसंग आठवला, पोटात गोळा आला, वहीत 'फसलं' असं लिहून कुपी कचऱ्याच्या यादीत टाकली. शेजारच्या टेबलावरच्या सीनियर बाई पट्टीकडे न बघताच म्हणाल्या, "उद्या सकाळी मोज." बिस्मथचं अर्धायुष्य 46 मिनिटांचं, रात्रभरात वरच्या टोकाचं मोकळं बिस्मथ संपून गेलं आणि खाली, अ‍ॅक्टिनियम होतं तिथे, नवं तयार झालं. सकाळी त्याच पट्टीवर 97 टक्के. वहीतला शब्द खोडला, शेजारी वेळ लिहिली आणि कुपी यादीतून परत काढली.