मासिकातून यूट्यूबवर: नागपुरात ज्येष्ठांच्या संस्थेत काम करायचंय त्यांच्यासाठी

मास कॉम नाहीतर बीएसडब्ल्यू करणारी पोरं नेहमी विचारतात की ज्येष्ठांच्या संस्थेत व्हिडिओचं काम म्हणजे नेमकं काय करायचं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी नागपुरातल्या एका ट्रस्टमध्ये आहे. आमचं छापील मासिक होतं, आता जवळपास सगळं यूट्यूबवर. कागद आणि टपाल महागलं हे आहेच, पण खरं कारण वेगळं. अंक छापून महाल, मानेवाड्यातल्या घरी पोचेपर्यंत माहिती शिळी व्हायची. ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान कार्ड आलं, अशा वेळी लोकांना दुसऱ्याच दिवशी कळायला हवं असतं, पुढच्या अंकापर्यंत कोण थांबेल?

आता कामाचं. लेख कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवला म्हणजे व्हिडिओ होत नाही. कागदावर नाही समजलं तर माणूस ती ओळ परत वाचतो, व्हिडिओत मागे जायचं म्हणजे खालची ती बारीक रेघ बोटाने पकडायची, हात थरथरत असेल तर ते होतच नाही. म्हणून एका व्हिडिओत एकच काम शिकवायचं. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचंच घ्या. वयामुळे बोटांचे ठसे झिजतात, मशीन अंगठा घेत नाही, आणि काकाजी बँकेतून तसेच परत येतात. चेहरा दाखवून दाखला काढता येतो, त्याला जीवन प्रमाण आणि आधार फेसआरडी अशी दोन अॅप लागतात. आम्ही फक्त तेवढंच दाखवतो, पूर्ण स्क्रीनवर फोन, त्यावर बोट दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक बटण दाबल्यावर थोडं थांबायचं, कारण बघणारा माणूस तेव्हा स्वतःच्या फोनवर तेच करत असतो. हा व्हिडिओ सप्टेंबर संपायच्या आत टाकायचा. ८० वर्षांवरच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाकीच्यांचा नोव्हेंबर.

आवाजाकडे कॅमेऱ्यापेक्षा जास्त लक्ष द्या, हे मी प्रत्येक नवीन मुलाला सांगते. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, स, श, फ निसटतात, मागे म्युझिक लावलं की शब्दच कळत नाही. त्यात आपलं नागपूर, एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर धडधडत असतो आणि ४५ डिग्रीत आजींना कूलर बंद करा म्हणायचं तरी कसं! आम्ही सकाळी सातलाच शूटिंग करतो आणि कॉलर माईक लावतो. कॅप्शन मराठीत, मोठ्या अक्षरात, हाताने टाईप केलेलं, आपोआप येणाऱ्यावर सोडू नका.

जुने वर्गणीदार आपोआप चॅनलवर येत नाहीत, त्यांना एकेक फोन करावा लागतो आणि हा कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे. आमच्या शेवटच्या अंकात क्यूआर कोड होता, तर बऱ्याच जणांनी पैसे द्यायच्या अॅपमधूनच तो स्कॅन केला, भाजीवाल्याकडे रोज करतात तसा, आणि तिथे व्हिडिओ काही उघडला नाही. "पोरी, हे तं काहीच करून नाही राहिलं," असा एका आजींचा फोन आला, मग व्हॉट्सअॅपवर साधी लिंक पाठवली आणि मिनिटभरात त्यांनी व्हिडिओ लावला. तेव्हापासून लिंकच पाठवतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना मोठ्या टायपातलं एक पान अजूनही टपालाने जातं, ते बंद करू नये असं माझं ठाम मत आहे.

मासिकात लिहिणारे निवृत्त शिक्षक, जुने कारकून यांना बाजूला सारू नका. स्क्रिप्ट आधी त्यांच्याकडे द्या, कुठला फॉर्म कोणत्या खिडकीवर अडतो हे त्यांना पाठ असतं. आणि यूट्यूब स्टुडिओतला ग्राफ बघायला शिका: लोक एखाद्या जागी पुन्हा पुन्हा मागे येत असतील तर आमच्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा तिथे समजलं नाही असाच असतो, तो तुकडा वेगळा करून परत शूट करावा लागतो.

आधार कार्ड, पासबुक कधीच स्क्रीनवर दिसू द्यायचं नाही. कमेंटमध्ये कोणी स्वतःचा नंबर टाकला तर लगेच काढायचा, कारण डिजिटल अरेस्टवाले, म्हणजे पोलीस आहोत असं फोनवर भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणारे, असे नंबर शोधतच असतात. फसवणुकीसाठी १९३० आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, हे दोन नंबर प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ठेवा. घरची भांडणं, मुलांनी सोडलं वगैरे कोणी कॅमेऱ्यावर बोललं तर टाकायच्या आधी त्यांना पूर्ण दाखवून परत विचारा, रडवणारा सीन मिळाला म्हणून खूश होऊ नका.

पगार जाहिरात कंपनीसारखा नसतो. मानधन किती, पेट्रोलचे मिळतात का, पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका. आणि भेटायला येताना घरातल्या आजी-आजोबांना काहीतरी शिकवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ करून आणा, इफेक्ट नकोत, त्यांनी तो बघून ते काम स्वतः केलं का एवढंच आम्ही विचारतो.