टीव्हीवरच्या गाण्याबद्दल मत देताना या चुका टाळा

गाण्याच्या स्पर्धेचा नवा सिझन सुरू झाला की आपल्याकडं घराघरात परीक्षक तयार होतात, आणि ते चांगलंच आहे, गाणं ऐकून त्यावर हिरीरीने बोलणारं गाव हाय हे आपलं कोल्हापूर, गाण्याची जुनी संस्था देवल क्लब १८८३ पासून इथं उगाच चालू नाही. पण एपिसोड संपल्यावर ग्रुपवर जे वाचायला मिळतं ते एकतर "नाद खुळा" नाहीतर "बेसूर, घरी पाठवा". ज्या पोरीबद्दल लिहिलंय ती ते वाचते, तिचे आईवडील वाचतात, आणि उद्याच्या रियाजात नेमकं काय बदलायचं हे त्यातून कुणालाच कळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की गुण असो नाहीतर दोष, कुठल्या ओळीत कुठल्या शब्दावर काय झालं ते सांगता यायला पाहिजे, आणि येत नसेल तर गाणं अजून एकदा ऐका.

आधी आपल्या कानापर्यंत काय पोचतंय ते बघा

"हिचे खालचे सूर लागतच नाहीत" असं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण पातळ एलईडी टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ऐकत असतात. त्या स्पीकरला मुळात बेसच नसतो, त्यामुळं मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला आवाज ढोलकी-तबल्याखाली बुडून जातो. तेच गाणं बऱ्या हेडफोनवर ऐका, खर्ज जागेवर असतो.

दुसरं म्हणजे फिरत येणाऱ्या क्लिप. कॉपीराइटमध्ये सापडू नये म्हणून लोक क्लिपचा वेग किंवा पट्टी थोडी वर सरकवून टाकतात, मग आवाज चिरका वाटतो, मुरक्या, म्हणजे सुरांची छोटी झटपट वळणं, घाईत घेतल्यासारख्या वाटतात आणि शिव्या गाणाऱ्याला. चॅनलच्या अधिकृत व्हिडिओवरून मत बनवा. तिथंही लक्षात ठेवा की रेकॉर्ड केलेल्या एपिसोडचं प्रक्षेपणाआधी मिक्सिंग झालेलं असतं आणि सूर दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहेत, म्हणून "एकही सूर हलला नाही" हे सर्टिफिकेट देतानाही जरा दमानं.

"बेसूर" म्हणजे नक्की काय झालं?

सगळ्यात जास्त घोळ इथं आहे. बेसूर या एका शब्दाखाली तीन-चार वेगवेगळे दोष जातात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो.

पट्टी चुकलेली असू शकते. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला सा धरून गातात ती. मूळ गाणं काळी पाचला आहे म्हणून हिनंही काळी पाचच धरली, आणि अंतऱ्यात तार म्हणजे वरच्या सप्तकात जाताना आवाज ताणला, गळा आवळला, सूर पोचलाच नाही. तिला पट्टी उतरवून काळी चारला किंवा पांढरी पाचला गायला सांगा, निम्मा त्रास तिथंच संपतो. दुसरा दोष श्वासाचा. नीट ऐकलं तर सूर ओळीच्या सुरुवातीला पक्का असतो आणि शेवटच्या शब्दावर, जिथं थांबून सूर लांबवायचाय, तिथं हळूहळू खाली सरकतो. कानाला दोष देऊ नका, दम पुरला नाही, आधीच्या शब्दानंतर श्वास घ्यायची जागा हुकली. तिसरा कणसूर, म्हणजे सुराच्या अगदी जवळ पण नेमकं सुरावर नाही, आणि हा सगळीकडं सारखा असेल तर मात्र तानपुऱ्यासमोर सा लावत बसण्याला पर्याय नाही. आणि कधीकधी इअरफोनमध्ये स्वतःचा आवाज नीट न मिळाल्यामुळं पहिली ओळ डगमगते आणि दुसरीपासून गाडी रुळावर येते, ते दिसलं तर तसं लिहा.

आता नवीन फॅड म्हणजे मोबाईलवर ट्यूनर लावून टीव्हीसमोर धरायचा आणि काटा हलला की स्क्रीनशॉट टाकायचा. अरे भावा, तो ट्यूनर समान बारा भागांत पाडलेल्या सप्तकावर चालतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार (ग) त्या सप्तकातल्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरतात. म्हणजे एखाद्यानं आलापात तानपुऱ्याला मिळवून सुंदर गंधार लावला तर ॲप त्याला चूक दाखवणार. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे झुलता, कोमल गंधार तर काट्यावर स्थिर दिसायचाच नाही, तो हलण्यातच राग आहे. मींड, मुरकी, खटका यात आवाज दोन सुरांमधून जाणारच. ट्यूनर फक्त लांब थांबलेल्या सुरासाठी वापरा, तेही शंका आली तर.

लय सुटली की मुद्दाम मागे ठेवली?

सात मात्रांच्या रूपक तालात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'च्या म्हणजे बिनजोराच्या जागेवर येते, ज्याला हे माहीत नाही त्याला गायक उलटा चालल्यासारखा वाटतो. तसंच शब्द ठेक्याच्या थोडे मागे ठेवून गाणं हा लडिवाळपणा असतो. ओळखायची खूण सोपी आहे, समेवर बरोबर येतोय का ते बघा. बरोबर येत असेल तर मधलं सगळं त्यानं ठरवून केलंय. सम हुकली आणि तबलजीला सांभाळून घ्यावं लागलं, तर लय सुटली.

आवाज आणि गाणं यात गल्लत

"आवाज जाड आहे", "आवाजात गोडवा नाही" ही गाण्याची समीक्षा होत नाही. निदान कोल्हापुरात तरी हे कुणी बोलू नये असं मला मनापासून वाटतं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. त्यांचा आवाज अति गाण्यामुळं बसला, परत आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी लयीची, पेचदार, अखंड सुरावटीची गायकी त्यांनी घडवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यातूनच पुढं आल्या. मिळालेल्या आवाजातून स्पर्धक काय काढतोय ते ऐकायचं असतं.

छोट्यांच्या स्पर्धेत तर जास्तच जपून. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा आवाज फुटत असतो, जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, मधेच चिरकतो. "मागच्या सिझनसारखा गात नाही" असं लिहून काय मिळवायचंय? या काळात ओढून वर गायला लावणाऱ्यांना जाब विचारा, पोराला नको.

प्रकार बघून मापही बदला. लावणीत ठसका आणि शब्दाची फेक नसेल तर नुसता शुद्ध सूर काय कामाचा, अभंगात भजनी ठेका चालू असताना दर ओळीला हरकती, म्हणजे सुरांच्या सजावटी, घातल्या की भाव पातळ होतो, आणि भावगीतात शब्द मधेच तोडला की अर्थच जातो. सुधीर फडके म्हणजे बाबूजी, १९१९ साली याच कोल्हापुरात जन्मले, त्यांचं कुठलंही गाणं लावून फक्त जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ ऐका. हुबेहूब मूळ गायकासारखं गायलं म्हणून पैकीच्या पैकी देणं हीही चूकच, नक्कल किती जमली एवढंच त्यातून कळतं.

राहिला प्रश्न आपल्या पोरांचा. पेठेतला कुणी टॉप टेनमध्ये गेला की चौकात डिजिटल फलक लागतो, तालमीची पोरं व्होटिंगला बसतात, खूप भारी वाटतं, व्होट जरूर द्या. पण मत देणं वेगळं आणि मत सांगणं वेगळं. समोरच्या गावची पोरगी चांगली गायली तर तसं स्पष्ट लिहा, आणि आपल्याचं चुकलं तर सगळ्यांसमोर नाही, त्याला किंवा त्याच्या गुरुजींना थेट सांगा, असं: "मुखडा झकास. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत वरच्या सा वर थांबलास तिथं सूर उतरला, त्याआधी श्वास घेतलाच नव्हतास. एक पट्टी खाली घेऊन बघ."