फ्रीबीएसडीवर लिनक्सचं स्टॅटिक बायनरी चालत नसेल तर (ईएलएफ टाइप 0 एरर)

सिम्प्टम असा: फ्रीबीएसडीवर (लिनक्सपेक्षा वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम) केएलडीलोड कमांडने लिनक्सचे प्रोग्रॅम चालवू देणारं लिनक्स64 मॉड्यूल कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) लोड केलेलं, लिनक्सचे बाकीचे प्रोग्रॅम मस्त चालतायत, पण गो या भाषेत लिहिलेलं एक स्टॅटिक बायनरी (लायब्ररी आतच असलेली प्रोग्रॅमची फाइल; ईएलएफ हा अशा फाइलींचा फॉरमॅट) चालवलं की "ईएलएफ बायनरी टाइप 0 नॉट नोन" आणि खाली एक्झेक फॉरमॅट एरर. परमिशन बघितल्या, फाइल परत डाउनलोड केली, लिनक्सचं बेस पॅकेज पुन्हा टाकलं, काही फरक नाही. अक्षरशः डोकं फिरलं.

कारण असं की डायनॅमिक बायनरीत (जे लायब्ररी बाहेरून घेतं) त्या लायब्ररी जोडणाऱ्या लिनक्सच्या लोडरचा पाथ असतो त्यावरून कर्नल ओळखतो, स्टॅटिक गो बायनरीत तो पाथ नसतो आणि हेडरमध्ये ओएसच्या जागी नुसता 0, मग कर्नलला कळणार कसं हे कोणाचं आहे ते.

आता जे चाललं ते, रूट होऊन याच क्रमाने: आधी सिसआरसी (सर्व्हिसच्या सेटिंग बदलणारी कमांड) ने लिनक्स_इनेबल येस करा, मग सर्व्हिस लिनक्स स्टार्ट. नुसतं मॉड्यूल लोड करून भागत नाही, कारण ही सर्व्हिस कर्न.ईएलएफ64.फॉलबॅक_ब्रँड हे सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग; ओळख न पटलेलं बायनरी कोणत्या ओएसचं मानायचं ते) -1 वरून 3 करते, आणि 3 म्हणजे लिनक्स. सिसकंट्रोलने व्हॅल्यू बघा, 3 दिसली की बायनरी चालवा.

सगळ्या सिस्टीमला हे नको असेल तर मॉड्यूल लोड ठेवून फक्त त्या फाइलवर ओएसचा शिक्का मारणारी कमांड चालवा: ब्रँडईएलएफ, मग डॅश टी, लिनक्स (एल कॅपिटल) आणि फाइलचं नाव. पण याने फाइलच बदलते, त्यामुळे चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते पडताळायचा कोड) आधीच तपासून घ्या.