मानसशास्त्र घ्यायचंय? आधी पंधरा दिवस ही वही लिहा

दर जूनमध्ये पहिल्या तासाला मी फळ्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढते. डावीकडे लिहिते ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. मग मुलांना सांगते, शंभर पानी वही आणा, प्रत्येक पानावर अशीच रेघ मारा आणि सांगली स्टँडवर जाऊन दहा मिनिटं एका माणसाकडे बघून या. टक लावून बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, नाव-गाव विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि परत येऊन लिहायचं.

एका वर्षी कवठेमहांकाळकडून येणाऱ्या एका मुलीनं वही पुढे केली. पहिलीच ओळ होती, ‘एक बाई फार चिडली होती.’ मी म्हटलं, हे उजवीकडे गेलं. डावीकडे काय? तिला आधी कळेना. मग आठवून आठवून सांगायला लागली. बाईंनी पिशवी दोनदा उचलली आणि परत खाली ठेवली. मनगटावरचं घड्याळ तीन वेळा बघितलं. पोराच्या हातातला मोबाइल काढून घेतला, पण त्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही. हा शेवटचा तपशील सांगताना मुलगी स्वतःच थांबली. चिडलेल्या असतीलही. पण मिरजेच्या दवाखान्यातली वेळ टळत असेल, पोराला ताप असेल, त्या घाबरलेल्या असतील, हेही शक्य होतं. ‘चिडली’ हा शब्द तिनं बाईंना बघायच्या आधीच चिकटवून टाकला होता.

मी गेली बावीस वर्षं सांगलीत हा विषय शिकवते. प्रवेशाच्या वेळी पालक येतात आणि बहुतेकदा एकच सांगतात, ‘मॅडम, हिला सगळ्या मैत्रिणी आपलं दुःख येऊन सांगतात, म्हणून म्हटलं मानसशास्त्रच द्यावं.’ हा गुण चांगलाच आहे. पण तीन वर्षांच्या अभ्यासाला तेवढ्यावर भागत नाही. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवता येणं ही मला विचाराल तर पहिली पात्रता, आणि ती बारावीच्या टक्क्यांत कुठेच दिसत नाही. सुदैवानं ती सवयीनं येते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी पंधरा दिवस ही वही लिहा. रोज एक पान. स्टँड नको असेल तर रेशनच्या दुकानातली रांग चालेल, लग्नाची पंगत चालेल, घरातलं जेवणाचं ताटही चालेल.

ऐकण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथे माझीही चूक झालेली आहे.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती, तिथे मी आमच्या आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन गेले. त्यांची पुरेशी तयारी करून घेतली नाही, ही चूक माझी. एक हुशार मुलगा नदीकाठच्या गावातल्या एका आजींसमोर बसला आणि विचारत राहिला, ‘आजी, तुम्हाला आता कसं वाटतंय?’ दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसरी एक मुलगी, वर्गात कधी फारशी न बोलणारी, आजींच्या शेजारी मदतीच्या तांदळाचं सूप घेऊन खडे निवडत बसली. एक शब्द बोलली नाही. थोड्या वेळानं आजींनीही हात घातला. दोघी निवडत राहिल्या. मग आजी एकदम म्हणाल्या, ‘म्हस दाव्याला होती गं. दावं सोडायला माझा हात पुरला न्हाई.’ मुलगी ‘होय आजी’ एवढंच म्हणाली आणि निवडत राहिली. पुढे आजी अर्धा तास बोलत होत्या.

या मुलीनं सल्ला दिला नाही, ‘होईल सगळं नीट’ असं म्हटलं नाही, आपल्या घरात शिरलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली नाही. ऐकणं म्हणजे हेच. तुम्हाला हे जमतं का, हे घरीच तपासून बघा. आजी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही बोलायला लागलं की दहा मिनिटं मधे सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणायचं नाही. नंतर एकटे असताना त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत आठवून बघा. पहिल्या दिवशी दोन वाक्यंसुद्धा आठवणार नाहीत, कारण आपण ऐकताना आपलं उत्तर तयार करत असतो.

आणि ऐकलेलं पोटात ठेवता आलं पाहिजे. एम.ए. करताना सरावासाठी मी आमच्या शेजारच्या मुलाची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. त्याच्या आईनं काळजीनं विचारलं, काय निघालं? आणि मी सांगून टाकलं. काही वाईट निघालं नव्हतं, मलाही वाटलं आईच आहे. पण तो मुलगा त्यानंतर माझ्याशी कधी नीट बोलला नाही. त्यानं उत्तरं मला दिली होती, आईला नव्हती. आपल्या भागात हे फार जपावं लागतं. विट्याच्या एसटीत बसून मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट मागच्या सीटवरच्या मावशींच्या ओळखीच्याच घरची निघते. म्हणून प्रयोगाला कुणाला बसवायचं असेल तर आधी त्याला काय करणार ते सांगून संमती घ्यायची, मधेच उठून जायची मोकळीक द्यायची, आणि वहीत नावाऐवजी नुसतं अक्षर लिहायचं. ही शिस्त पहिल्या वर्षापासूनच लागायला हवी.

आता गणित. ‘गणित नको म्हणून आर्ट्सला आलो’ असं म्हणणारी मुलं दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्राचा पेपर बघून हबकतात. हबकायचं कारण नाही. दहावीपर्यंतचं गणित, वर्गमूळ काढायचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर आणि धीर एवढं पुरतं. एक उदाहरण आत्ताच हातानं करून बघा. पाच-पाच मुलांच्या दोन गटांना दहा शब्द वाचून दाखवले आणि किती आठवले ते मोजलं. पहिल्या गटात प्रत्येकाला ७ आठवले. दुसऱ्या गटात ४, ६, ७, ९, ९. दोन्हीकडे सरासरी ७ च येते. पण दोन्ही गट सारखे आहेत असं म्हणाल का? दुसऱ्या गटात प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढा: ३, १, ०, २, २. त्यांचे वर्ग करा: ९, १, ०, ४, ४. बेरीज १८, पाचनं भागली की ३.६, त्याचं वर्गमूळ साधारण १.९. याला प्रमाण विचलन म्हणतात. पहिल्या गटाचं प्रमाण विचलन शून्य. सरासरीनं जे झाकलं होतं ते या आकड्यानं उघडं केलं. एवढं तुम्हाला समजलं असेल आणि त्यात थोडी मजा वाटली असेल, तर संख्याशास्त्र तुम्हाला अडवणार नाही.

त्याच्या जोडीला एक सवय लागते: दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं न म्हणण्याची. उन्हाळ्यात रसवंतीगृहांवर गर्दी वाढते, आणि विहिरीत, कालव्यात पोहायला गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्याही वाढतात. उसाचा रस पिऊन कुणी बुडत नाही, ऊन दोन्हीकडे आहे. इथे आपण हसतो. पण ‘मोबाइलमुळे मार्क कमी झाले’ हे वाक्य आपण त्याच चुकीच्या वाटेनं रोज बोलतो, आणि तेव्हा कुणी हसत नाही.

इंग्रजीची भीती मी खोटी म्हणणार नाही. बी.ए.ला मराठीतून पेपर लिहिता येतो, मराठीत पुस्तकंही आहेत. पण एम.ए.ला गेलात की शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे लागतात. मी स्वतः मराठी माध्यमातली. माझा उपाय साधा होता: रोज इंग्रजीचं एकच पान, आणि वहीच्या मागच्या बाजूला शब्दांची यादी. रीइन्फोर्समेंट म्हणजे प्रबलन, कंडिशनिंग म्हणजे अभिसंधान, कोरिलेशन म्हणजे सहसंबंध. पण नुसता प्रतिशब्द पाठ करू नका, प्रत्येकाला आपल्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण जोडा. नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा, असं दरवर्षी निम्मा वर्ग लिहितो. तसं नाही. पावसात छत्री उघडली की भिजणं थांबतं, म्हणून पुढच्या सरीला हात आपोआप छत्रीकडे जातो. नकोशी गोष्ट थांबली आणि त्यामुळे वागणं बळावलं, हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेनं वागणं कमी होतं. छत्रीचं उदाहरण लक्षात राहिलेली मुलं परीक्षेत चुकत नाहीत.

जीवशास्त्र फार नाही, पण मेंदू आणि चेतापेशी टाळता येत नाहीत. आकृती हातानं काढून, नावं देऊन सराव करा. त्यात अवघड काही नाही.

हा विषय प्रयोगशाळेतला आहे, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तिथून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला असं मानतात. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजून १८८५ मध्ये विस्मरणावरचं काम प्रसिद्ध केलं. केवढी चिकाटी! त्यातून अभ्यासाला उपयोगी असं एक कळतं, की सुरुवातीच्या काही तासांतच आपण भराभर विसरतो आणि मग तो वेग मंदावतो. म्हणून आज वाचलेलं उद्या एकदा, आठवड्यानं एकदा, न बघता आठवून लिहा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

घरी करता येईल असा एक प्रयोग देते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावर तो बेतलेला आहे. चार रंगांचे स्केचपेन घ्या. एका कागदावर रंगांचे वीस ठिपके काढा. दुसऱ्या कागदावर वीस शब्द लिहा, पण ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईनं, ‘हिरवा’ लाल शाईनं, असे सगळे उलटेसुलटे. घरातल्या कुणालाही दोन्ही कागदांवरचे फक्त शाईचे रंग म्हणायला सांगा आणि मोबाइलवर वेळ मोजा. शब्दांच्या कागदाला जास्त वेळ लागेल, माणूस अडखळेल, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. मग ज्याला वाचता येत नाही अशा लहान मुलावर करून बघा आणि काय फरक पडतो ते लिहा. लिहिताना क्रम ठेवा: हेतू, साहित्य, पद्धत, मिळालेले आकडे, मग चर्चा. अपेक्षेसारखा निकाल आला नाही तर आकडे बदलायचे नाहीत. जर्नलमध्ये जुळवून घातलेले आकडे मला ओळखू येतात, आणि त्या दिवशी मला खरंच वाईट वाटतं.

शंका घेता येणं हीही एक क्षमताच आहे. अंगात येणं, करणी, हस्ताक्षरावरून स्वभाव, जन्मतारखेवरून जोडीदार, हे सगळं घेऊनच मुलं वर्गात येतात. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलेल्या आणि मिरजेला एमबीबीएस झालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव मी इथे मुद्दाम घेते. त्यांचा विरोध फसवणुकीला होता, श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाला नव्हता. जिच्या अंगात येतं त्या बाईला खोटारडी म्हणू नका. ती खोटं बोलत असेलच असं नाही. तिच्या घरात एरवी तिचं कुणी ऐकतं का, हा प्रश्न आधी विचारा.

आणखी एक गोष्ट हळू आवाजात सांगावी अशी. बरीच मुलं स्वतःला काहीतरी सलतंय म्हणून या विषयाकडे येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वर्ग म्हणजे उपचार नव्हे. विकारांचा पेपर सुरू झाला की प्रत्येक लक्षण आपल्यात दिसायला लागतं, बाबांमध्ये दिसायला लागतं, भावाला नावं द्यावीशी वाटतात. देऊ नका. आणि खरंच झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुस्तकात उत्तर शोधत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. माझ्यासारख्या शिक्षकालाही सांगा, आम्ही योग्य ठिकाणी पोचवतो.

प्रवेशाआधी घरच्यांना स्पष्ट सांगायचं ते असं. बहुतेक कॉलेजांत बारावीच्या कुठल्याही शाखेतून बी.ए.ला येता येतं. पण बी.ए. झालं म्हणजे समुपदेशनाची पाटी लावता येत नाही. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस आणि पुढचं वैद्यकीय शिक्षण लागतं, तेच औषधं देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. आणि आता घरबसल्या पदवी घेऊ असं कुणी सुचवलं तर सावध राहा: २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मानसशास्त्राच्या दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना नवे प्रवेश बंद केले आहेत. कमाई उशिरा सुरू होते, हेही वडिलांसमोर बसून बोला.

तर शंभर पानी वही आणा, रेघ मारा आणि आजपासून सुरू करा. पंधरा दिवसांनी पहिलं पान आणि पंधरावं पान शेजारी ठेवा आणि डाव्या रकान्यातल्या ओळी मोजा.