रिटायरमेंटनंतर बाग, प्राणी आणि विणकाम: या चुका टाळा

रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने माणूस नुसता सुसाट असतो. इतकी वर्षं मनात साठवून ठेवलेलं सगळं एकदम करायचं असतं, मग कुंड्या येतात, बियांची पाकिटं येतात, फिश टँक येतो, लोकरीचे गुंडे येतात आणि तिसऱ्या महिन्यात कंबर धरते. मी स्वतः हे सगळं केलंय म्हणून सांगते, छंद कुठलाच चुकीचा नसतो, पण सगळे एकाच वेळी सुरू केले की एकाचाही धड आनंद मिळत नाही.

मला फार उशिरा कळलेला एक हिशोब सांगते. विणकाम महिनाभर पिशवीत पडून राहिलं तरी काही बिघडत नाही, झाड दोन-चार दिवस दम धरतं, पण जनावराला एक वेळसुद्धा थांब म्हणता येत नाही. म्हणून सुरुवात ह्याच क्रमाने करा. आधी हातातलं काम, मग चार-पाच कुंड्या, त्या एक उन्हाळा आणि एक पावसाळा निभावल्या की मग प्राणी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, भरून आलेल्या मनाने आधी पिल्लू आणतात.

आता बाग. इथली सगळ्यात मोठी चूक पाण्याची, आणि कमी पाण्याची नाही तर जास्त पाण्याची. घरात दिवसभर असलो की येता-जाता झारी हातात येतेच. माझी एक जास्वंद अशीच गेली. पानं पिवळी पडून माना टाकायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं, शेवटी कुंडी उलटी करून बघितली तर मुळं काळी पडलेली, बोटात धरून जरा ओढलं की वरची साल निसटून यायची आणि आत नुसता दोरा राहायचा, मातीला सडका वास. मुळांना हवाही लागते, माती सतत चिखल राहिली की ती गुदमरतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड तहानलेलं असल्यासारखंच दिसतं. फसवणूक होते ती इथेच. त्यामुळे झाड मलूल दिसलं की झारी उचलायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही, कोरडं लागलं तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि बशीत साठलेलं अर्ध्या तासाने ओतून टाका. आधीच कुजलं असेल तर काळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा, नवी भुसभुशीत माती घाला, वरच्या फांद्याही थोड्या छाटा आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवू नका. थोडी तरी पांढरी मुळं शिल्लक असली तर झाड वाचण्याची आशा असते.

ह्याच चुकीची बहीण म्हणजे छोटं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावणं. मुळं एवढुशी आणि माती घमेलंभर, ती वाळतच नाही. आधीच्या कुंडीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर रुंद एवढीच पुढची कुंडी घ्यायची. आणि आजारी झाडाला खत घालू नका प्लीज. पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी, मातीवर पांढरट थर, म्हणजे बहुतेक खत जास्त झालंय, भरपूर साधं पाणी घालून ते खालून वाहून जाऊ द्या. मावा किंवा मिलीबग (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) ह्यांच्यासाठी कडुनिंबाचं तेल चालतं, लिटरभर पाण्यात साधारण 5 मिली आणि थोडा लिक्विड सोप, पण भर उन्हात फवारलं तर पानं करपतात, संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूला विसरू नका, आणि आधी दोन पानांवर टेस्ट करून बघा.

अंगाचीही काळजी घ्या. 10 लिटरची भरलेली झारी म्हणजे 10 किलो, एका हातात ती उचलण्यापेक्षा दोन्ही हातात अर्ध्या-अर्ध्या घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर उकिडवं बसून तण काढताना झटकन उभं राहू नका, डोळ्यापुढे अंधारी येते, छोटं स्टूल जवळ ठेवा. ग्लोव्ह्ज घाला, धनुर्वाताचा बूस्टर दर 10 वर्षांनी लागतो तो शेवटचा कधी घेतला ते डॉक्टरांना विचारून घ्या. कंपोस्टची पिशवी फोडताना मास्क लावायचा, कारण त्या धुळीतले काही जंतू फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो आणि आपल्या वयाला तो जड जातो.

प्राण्यांकडे येते. पिल्लू गोड असतं, मान्य, पण ते रात्री दोन-दोनदा उठवतं, जे दिसेल ते कुरतडतं आणि मोठं झाल्यावर दोरी ओढून पाडूही शकतं. कुत्रं साधारण 10 ते 13 वर्षं जगतं, मांजर 15च्या पुढेही जातं, मोठ्या जातीचे काही पोपट तर 50 वर्षंही जगतात. आपलं आजचं वय त्यात मिळवून बघा आणि आपल्यामागे त्याला कोण बघणार हे त्या माणसाशी आधीच बोलून ठेवा. माझं मत विचाराल तर पाच-सहा वर्षांचं, स्वभाव कळलेलं, शांत कुत्रं घ्या. अशा मोठ्या कुत्र्यांना घर मिळणं अवघड असतं आणि ती किती पटकन जीव लावतात हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

बाग आणि प्राणी दोन्ही असतील तर एक धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो. लिलीचं फूल, पान, अगदी अंगावर पडलेले पराग चाटले तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते, आणि सायकस, म्हणजे ते पामसारखं दिसणारं शोभेचं झाड, कुत्र्याच्या लिव्हरला घातक आहे. ही झाडं घरात नकोतच. गोगलगायींचं आणि उंदरांचं औषधही तसंच. काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी उलटी होते का बघत बसू नका, झाडाचं पान किंवा औषधाचं पाकीट बरोबर घेऊन लगेच व्हेटकडे जा.

फिश टँकला लोक सोपं समजतात, मीही समजले. पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले, पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो दिसत नाही, तो पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे दोनच मासे सोडून सुरुवात करा, खाणं कमी टाका, त्रास दिसला तर पाव भाग पाणी बदला, सगळं नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने ते कामाचे बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यायचा.

विणकाम, क्रोशे, शिवण ह्यात मुख्य चूक उजेडाची आहे. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा खूप जास्त प्रकाश लागतो, छताचा एक दिवा पुरत नाही, खांद्यामागून येणारा वेगळा लॅम्प घ्या. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली तर सुई ठेवून द्या, अजून दोन ओळी म्हणत रेटू नका, दर अर्ध्या तासाने हात मोकळे करा, जाड मुठीची सुई वापरा. स्वेटरच्या आधी 10 बाय 10 सेंटीमीटरचा नमुना विणून, धुऊन, वाळवून टाके मोजा. हे कंटाळवाणं वाटतं पण मी ते टाळलं आणि नातवाचा स्वेटर त्याच्या बापाला बसला, दोन महिन्यांचं काम उसवावं लागलं. लोकर सगळी एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना बघा, पाठ आणि बाह्या वेगळ्या छटेच्या झालेल्या उन्हात लगेच दिसतात. कॉटनचं कापड बेतायच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतं.

आणि शेवटची चूक, आपण नसताना काय ह्याचा विचारच न करणं. ऐनवेळी फोनवर सूचना देऊन उपयोग नाही. एका कागदावर सगळं लिहून फ्रीजवर लावा, कुठल्या कुंडीला कधी पाणी, कुत्र्याचं खाणं किती, औषध कुठलं, व्हेटचा नंबर, आणि आपण घरात असतानाच त्या माणसाकडून एक दिवस सगळं करून घ्या. मी पहिल्यांदा चार दिवस बाहेर गेले तेव्हा शेजारणीने सांभाळलं, परत आले तर माझ्या कागदाखाली तिने पेन्सिलने लिहिलं होतं, "कोपऱ्यातल्या कुंडीत बोट घालून बघितलं, ओली होती, पाणी नाही घातलं."