स्मृती शिष्यवृत्ती गाण्यासाठी: पैसा कुठे ठेवावा, कुणाला, कसा द्यावा

घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने महाविद्यालयीन मुलांना संगीत शिकवायचे, तर पुण्यतिथीला एकरकमी पाकीट देऊ नये. ते पैसे बियाण्यात किंवा मोबाइलमध्ये जातात, आणि त्यात मुलाचा दोष नसतो. फी दरमहा गुरुजींच्या खात्यात आणि गाडीभाडे मुलाच्या खात्यात, असेच ठेवा.

मुद्दल ३ लाख आणि व्याज ७ टक्के धरले तर वर्षाला २१,००० रुपये. एका विद्यार्थ्याचा हिशोब साधारण असा: शिकवणी महिना ६०० प्रमाणे १० महिन्यांचे ६,०००, आठवड्यात दोन फेऱ्या, जाऊन-येऊन ४० रुपये, म्हणजे ४० आठवड्यांचे ३,२००, परीक्षा फी व वह्या ८००. एकूण १०,०००. दोघे बसतात खरे, पण दर ६ टक्क्यांवर आला की दुसऱ्याला २,००० कमी पडतात. म्हणून पहिल्या वर्षी एकच घ्या, उरलेले ११,००० गंगाजळीत टाका.

ठेव एप्रिलमध्ये करा आणि व्याज तिमाही घ्या. वार्षिक व्याजाची ठेव केली की ऑगस्टच्या पहिल्या हप्त्याला हात रिकामे! ठेव स्वतःच्या नावावर असेल तर व्याज तुमच्याच उत्पन्नात धरले जाते, आणि पुढे वारसांचा प्रश्न येतो. एवढ्याशा रकमेसाठी वेगळा न्यास काढून धर्मादाय कार्यालयाच्या चकरा मारण्यापेक्षा महाविद्यालयाच्या संस्थेला देणगी देणे सोपे. मात्र 'मुद्दल मोडायचे नाही, व्याज फक्त संगीत शिक्षणासाठी' असा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. तोंडी कबुली प्राचार्य बदलले की विरते.

निवड तिघांनी करावी: घरचा एक, महाविद्यालयाचा एक, एक जाणकार. फी ज्यांना मिळणार ते गुरुजी यात नकोत. चाचणीत राग विचारू नका. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या आसपास खंजिरी धरलेले पोट्टे गावोगाव सापडतील. त्यांना रागाचे नाव ठाऊक नसेल, ताल मात्र पक्का असतो. भजनाची एक ओळ काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून, म्हणायला सांगा, मग पेटीवर काळी दोनचा सा द्या. तीच ओळ नव्या सुरात उचलली तर कान आहे. वादनासाठी केरवा तालाच्या आठ मात्रा टाळीवर धरायला लावून मध्येच लय थोडी वाढवा. जो पळतो किंवा मागे पडतो तो कळतोच.

शिकवणीची वेळ शेवटच्या एसटीच्या आत बसते का, हे आधी पाहा. बहुतेक गळती इथेच होते. वर्ग महाविद्यालयाच्याच गावी असेल तर विद्यार्थी पासावर भागते आणि भाड्याचे पैसे वाचतात. मुलींना एसटीत तिकिटावर ५० टक्के सवलत आहे, तीही हिशोबात धरा.

हजेरी वहीत गुरुजींची सही दर महिन्याला. कापूस वेचणीच्या दिवसांत खाडे होणारच; त्यावरून शिष्यवृत्ती तोडू नका, बुडालेले तास नंतर भरून घ्या. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ही पहिली परीक्षा पहिल्याच वर्षी सक्तीची करू नये. पाठांतर होते, गळा तयार होत नाही.

पुण्यतिथीला मुलाचे गाणे ठेवा, पण माइकवरून 'गरीब, होतकरू' म्हणू नका. प्रतीक्षा यादीत एक नाव नेहमी असू द्या. कुणी डिसेंबरात सोडून गेले, तर जानेवारीचा हप्ता त्या नावावर सुरू करता येतो.