हीटर नसलेला जुना ट्रक थंडीत कसा चालवायचा

मुंबईत ट्रकला हीटर बसवा म्हटलं तर मिस्त्री आधी तोंडाकडे बघतो. त्याचंही चूक नाही. कळंबोलीहून किंवा वाशी मार्केटमधून संध्याकाळी सुटलेली गाडी जानेवारीतसुद्धा शहापूरपर्यंत हाफ शर्टवर जाते. कसारा घाट चढून इगतपुरी आली की हवा बदलते आणि नाशिकच्या पुढे पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे या पट्ट्यात पहाटे दोन ते सहा हाडं गोठतात. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पाच-सहा अंशांवर उतरतो. भाडं इंदूर-ग्वाल्हेरकडचं असेल तर आणखी खाली. नवीन गाड्यांची गोष्ट वेगळी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाडीला हे लागू नाही, तिचं आपल्यालाच बघावं लागतं.

बहुतेक जण सुरुवात स्वेटरपासून करतात. सुरुवात फटींपासून करायची. जुन्या केबिनमध्ये थंडीपेक्षा वारा जास्त छळतो, कारण ताशी साठच्या वेगाने बोटभर फटीतून घुसणारा झोत दोन स्वेटर घातले तरी लागतो. इंजिन केबिनच्या आत, बोनेटखाली असलेल्या गाडीत तर गंमतच असते. ड्रायव्हरचा डावा पाय बोनेटला लागून भाजतो आणि दरवाजाकडचा उजवा पाय, म्हणजे एक्सलेटरवरचा, बधिर होतो. बधिर पायाला पेडल किती दाबलं याचा अंदाज राहत नाही, ब्रेकवर जायलाही तो उशीर करतो. म्हणून आधी उजव्या पायाकडची बाजू बंद करायची, बाकी सगळं नंतर.

पण फटी बुजवण्याच्याही आधी एक काम आहे आणि ते टाळायचं नाही. गळका सायलेन्सर असलेल्या गाडीची केबिन बंद करणं म्हणजे स्वतःला धुरात कोंडून घेणं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, डोळ्यांवर झापड येते आणि ड्रायव्हरला वाटतं की झोप येतेय. सकाळी थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या) पॅकिंगपाशी आणि सायलेन्सरच्या पहिल्या जोडापाशी कान लावा. ‘फट फट’ असा फुटका आवाज किंवा जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला की पॅकिंग गेलेलं आहे. ते बदला, नट सगळीकडून सारखे आवळा, मग पुढच्या कामाला लागा.

फटी शोधायला दोन माणसं लागतात. रात्री एकाने केबिनमध्ये बसून टॉर्चचा उजेड दरवाजाच्या कडेने, पेडलांच्या मुळाशी, स्टेअरिंगच्या दांड्याभोवती हळूहळू फिरवायचा. दुसऱ्याने बाहेरून, गाडीखालूनही बघायचं. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने खूण. दरवाजाच्या बीडिंगची, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीची, परीक्षा कागदाने होते. वर्तमानपत्राची पट्टी चौकटीत धरून दरवाजा लावा आणि ओढा. पट्टी सहज सुटून आली तर तिथलं रबर मेलेलं आहे. साधारणपणे खालचा पुढचा कोपरा आणि बिजागरीकडची बाजू आधी जाते, कारण चढ-उतार करताना बूट तिथेच घासतो. बीडिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नागदेवी स्ट्रीटला मीटरवर मिळतं. जुन्याचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या, नजरेने आणलेलं बीडिंग हटकून जाड निघतं आणि मग दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही. चिकटवण्याआधी चौकट पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसा. तेलकट पत्र्यावर लावलेलं रबर आठवड्याभरात लोंबायला लागतं.

पत्र्याच्या बारीक भोकांना आणि वायरिंग आत येतं त्या जागांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फटी बुजवायची चिकट पेस्ट, लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन लावू नका, त्यातल्या आम्लाने पत्र्याला गंज धरतो. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे आधी भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, हवं, नाहीतर धार लागून वायर सोलली जाते आणि शॉर्ट होते.

पेडलांच्या दांड्या फ्लोअरमधून खाली जातात तिथली फट मात्र सीलंटने बुजत नाही, तिला हलती झडप लागते. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर चौकोन कापा. दांडी ज्या दिशेने पुढेमागे होते त्याच दिशेने त्यात मधोमध उभी चीर द्या. असे दोन तुकडे एकावर एक, चिरा किंचित बाजूला सरकवून ठेवा आणि कडेने पत्र्याची पट्टी व स्क्रू मारून बसवा. चीर आडवी गेली तर रबर दांडीला धरून ठेवतं आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. मग घाटात प्लेट जळाली की दोष प्लेटला दिला जातो. काम झाल्यावर तिन्ही पेडलं हाताने शेवटपर्यंत दाबून सोडा. प्रत्येक पेडल स्वतःहून, झटक्यात वर आलं पाहिजे. गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलं असेल तर नवीनच घ्या, तिथून वाऱ्याबरोबर इंजिनचा वासही येतो.

फ्लोअरला गोणपाट अंथरायची पद्धत जुनी आहे आणि वाईट आहे. गोणपाट पाणी धरतं, खालचा पत्रा सडतो. डिझेल सांडलं तर वातच तयार होते. त्याऐवजी खाली १० मिलिमीटरचा एक्सएलपीई (एक जातीचा प्लास्टिकचा) फोम, वर ५-६ मिलिमीटरची रबर शीट. या फोमची छिद्रं बंद असल्यामुळे तो पाणी पीत नाही. मात्र दोन्ही मिळून दीड सेंटिमीटर उंची वाढते, तेवढाच पेडलचा प्रवास कमी होतो. म्हणून पेडलांखालचा भाग कापून मोकळा सोडा, टाच टेकते तिथे मात्र थर पूर्ण हवा. फोम, थर्माकोल, कार्पेट यातलं काहीही बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा मॅनिफोल्डजवळ लावायचं नाही, पेट घेतं. बोनेटवर वरून टाकलेली गादी हिवाळ्यात काढून ठेवा; तेवढा पत्रा उघडा राहिला की फुकटची ऊब मिळते. बोनेटच्या कडेचं रबर तेवढं शाबूत पाहिजे: ऊब पत्र्यातून यावी, फटीतून नको.

इतकं करूनही केबिन थंड वाटली तर इंजिनच थंड चालत असेल. आपल्याकडे पाणी तापतं म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकतात. उन्हाळ्यात ते कुणाला जाणवत नाही. हिवाळ्यात रात्री तापमानाचा काटा वरच येत नाही, डिझेल जास्त जातं आणि बोनेट कोमट राहतं. थर्मोस्टॅट परत बसवा. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला आणि पाणी निवल्यावर बंद झाला तर चांगला.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याची उत्तरेतली युक्तीही चालते, पण दोन्ही कडांना पट्टे लावून मधला भाग मोकळा ठेवून. अर्धा रेडिएटर एकाच बाजूने झाकला तर पंख्याच्या पात्यांवर एकीकडे भार येतो आणि पूर्ण झाकला तर इंजिनच धोक्यात. मुंबईहून भरलेली गाडी नेताना पुठ्ठा कसाऱ्याच्या पायथ्याशी लावू नका. घाटात इंजिनला सगळी हवा लागते. इगतपुरी-घोटीला चहाला थांबाल तेव्हा लावा. काटा मधल्या खुणेच्या वर गेला की लगेच काढा. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) असलेल्या गाडीला हा उद्योग करू नये.

दर हिवाळा त्याच लाइनवर काढायचा असेल तर गरम पाण्यावरचा हीटर बसवून घ्यावा. भंगारात जीप-कारचे हीटर मिळतात, त्यांचा पंखा बहुधा १२ व्होल्टचा असतो. ट्रकच्या २४ व्होल्टला जोडला की तो जळतो. ट्रकच्या १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढला तर पंखा चालतो, पण ती बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चा पंखा घ्या किंवा मध्ये कन्व्हर्टर टाका. गरम पाणी सिलिंडर हेडवरून, थर्मोस्टॅटच्या अलीकडून घ्यायचं आणि परतीचा पाइप वॉटर पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला द्यायचा. दोन्ही पाइप एकाच बाजूला जोडले तर दाबात फरकच राहत नाही, पाणी फिरत नाही आणि हीटर गार तो गारच. पाइप हीटरचाच, १६ मिलिमीटरचा रबरी होज घ्या. बागेचा पारदर्शक पाइप गरम पाण्याने मऊ पडून फुटतो आणि ते पाणी थेट ड्रायव्हरच्या पायांवर येतं. दोन्ही पाइपांना एकेक कॉक ठेवा. कुलंट भरताना कॉक उघडा, इंजिन चालू, हीटरची वरची क्लिप जरा ढिली करून हवा जाऊ द्या आणि सलग पाणी आलं की आवळा. हे थंड इंजिन चालू केल्याबरोबर करायचं, तापल्यावर क्लिपला हात लावायचा नाही.

विजेवरच्या उबेत सीटवर टाकायची २४ व्होल्टची गरम गादी तेवढी कामाची. ६० वॅटची गादी अडीच अँपिअर खाते. तिला ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्या आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरा. इन्व्हर्टर लावून घरातला हजार वॅटचा हीटर चालवायचा विचार सोडा. चाळीस-पंचेचाळीस अँपिअर सतत खेचले की जुना अल्टरनेटर हात टेकतो आणि हेडलाइट मंदावतात.

शेगडी, स्टोव्ह, गॅसची छोटी टाकी यातलं काही पेटलेलं केबिनमध्ये नको, काच थोडी उघडी ठेवूनसुद्धा नको. ‘थोडी’ म्हणजे किती हे कुणालाच ठाऊक नसतं. काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपणंही त्यातलंच. दारूने उबदार वाटतं ते कातडीकडे रक्त धावतं म्हणून. शरीरातली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते, शिवाय गाडी चालवायची आहे.

कपड्यांत घात करतो तो घाम. फाळका लावून, ताडपत्री ओढून, रस्सा आवळून झाला की सुती गंजी भिजलेली असते. मुंबईच्या हवेत ते कळत नाही. तीच गंजी घाटापलीकडे पाठीला बर्फासारखी चिकटते. घाट चढण्याआधी, कसाऱ्यातच थांबून अंग पुसा आणि कोरडी गंजी चढवा. त्यावर अंगासरशी थर्मल, मग लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घातल्या तरी वारा बराच तुटतो. माकडटोपीने कान झाकतात हे खरं, पण मान वळवली की कापड डोळ्यांवर येतं आणि आरसा दिसत नाही. गळ्याला मफलर आणि डोक्याला साधी लोकरीची टोपी बरी. मफलरची टोकं आत खोचा.

पायात चप्पल नको. एक लोकरीचा मोजा आणि बोटं हलतील इतका सैल बूट. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. तळवा फार जाड असेल तर पेडल कळत नाही. गुडघ्यांवर घोंगडी घेऊन चालवणारे बरेच आहेत. ती घसरून क्लचखाली गेली तर घाटात काय होईल ते सांगायला नको. ती क्लीनरला द्या, ड्रायव्हरने पँटखाली लोकरीची विजार घालावी. हातमोजे तळव्याला रबरी ठिपके असलेले घ्या, नुसती लोकर स्टेअरिंगवर सटकते. गरम पाण्याची रबरी पिशवी दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, टॉवेलात गुंडाळा आणि पाठीमागे ठेवा. उकळतं पाणी भरायचं नाही आणि उघड्या कातडीला तासन् तास लावून ठेवायची नाही, भाजल्याचं उशिरा कळतं. धाब्यावर पाणी मागितलं की मिळतं. समृद्धीवरून जात असाल तर थांबे कमी आहेत, थर्मास निघतानाच भरून घ्या.

बंद केबिनमध्ये दोन माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकटते आणि बाहेर धुकं असेल तर काहीच दिसत नाही. क्लीनरकडची काच वरून दोन बोटं उघडी ठेवा. डॅशबोर्डवरचा उन्हाळ्यातला छोटा पंखा काचेकडे वळवा. निघण्याआधी काच आतून स्वच्छ पुसा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब कोरड्या सुती कापडावर घेऊन चोळा आणि डाग उरणार नाही इतकं पुसून काढा. तेलकट फडकं लावलं तर समोरच्या गाडीच्या लाइटने सगळी काच पांढरी होते. ओले कपडे, ओली ताडपत्री केबिनमध्ये वाळत घालू नका.

दर दोन तासांनी खाली उतरून दहा मिनिटं चाला. हुडहुडी भरली, बोटांना बटण लावता येईना किंवा डोकं जड झालं, तर पुढच्या धाब्याची वाट न बघता गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी घ्या. डोकं दुखत असेल तर आधी दोन्ही दरवाजे उघडा, बाहेर या आणि इंजिन बंद करा.

होळीच्या आसपास हीटरचे दोन्ही कॉक बंद करा, पुठ्ठा काढून टाका, बोनेटवरची गादी परत घाला. फ्लोअरची रबर शीट आणि फोम एकदा उचलून खालचा पत्रा बघा. गंजाचा ठिपका दिसला तर घासून प्राइमर मारा, कारण जूनमध्ये त्याच ठिपक्यातून पाणी आत येतं.